चंद्याचे सल्लागार आणि मोहल्ल्याचा हिशेब

शाबानचा चाँद दिसला की आपल्या बाजारपेठेत दोन प्रकारची माणसे फिरू लागतात. एक, सुरत, भिवंडी, मालेगावच्या मालाचे नमुने घेऊन येणारे एजंट. आणि दुसरे, बगलेत पावतीपुस्तक धरून येणारे मदरशांचे व संस्थांचे सफीर. दोघांचा मुक्काम बहुधा खामगावला, दोघांची फेरी पिंपळगाव राजा, नांदुरा, मलकापूर अशी, आणि दोघांनाही चहा पाजल्याशिवाय दुकानदाराची सुटका नाही. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अलीकडे मात्र तिसऱ्या एका माणसाचे नाव कानावर येऊ लागले आहे. तो दुकानात येत नाही, संस्थेच्या कचेरीत जातो. त्याच्याजवळ पावतीपुस्तक नसते, लॅपटॉप असतो. तो चंदा मागत नाही. चंदा कसा मागावा हे शिकवतो आणि त्याची फी घेतो. त्याला निधी उभारणीचा सल्लागार म्हणतात.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर सरळ आहे. संस्थांचा पैसा येतो कोठून? आपल्या गल्ल्यातून. वर्षाअखेर मालाची मोजदाद करून, घेणे धरून, देणे वजा करून जो चाळीसावा हिस्सा आपण काढतो, तोच फिरत फिरत त्या कचेरीत पोचतो. थान कोठे गेले, किती वार कापले गेले, कटपीस किती उरले, याचा हिशेब ठेवणारा माणूस अल्लाहच्या वाटेवर दिलेल्या पैशाचा हिशेब मात्र विचारीत नाही. विचारले तर समोरच्याला राग येईल, आपल्यावर कंजूषपणाचा शिक्का बसेल, अशी त्याला भीती वाटते. या भिडेमुळे समाजाचे फार नुकसान झाले आहे.

संस्थांना सल्लागाराची गरज आताच का भासू लागली, हेही पाहिले पाहिजे. आपल्या बहुतेक छोट्या संस्था तीन आधारांवर उभ्या होत्या. रमजानचा चंदा, बकरी ईदची कातडी आणि गावातील दोन-चार मोठी घरे. यांपैकी कातड्यांचा आधार तर आपल्या डोळ्यांदेखत कोसळला. एके काळी बकऱ्याच्या एका कातड्याचे शंभराच्या वर रुपये येत आणि ती गोळा करण्यासाठी मदरशांच्या मुलांत चढाओढ लागे. २०१४-१५ नंतर भाव असे घसरले की कातडे उचलून नेण्याची मजुरीही सुटेना. मीठ लावायचा खर्च अंगावर पडतो म्हणून काही ठिकाणी कातडी पुरावी लागली. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, तेव्हा मोठ्या कातड्याच्या व्यवहारालाही जबर फटका बसला. त्यावर अवलंबून असलेले चांभार, खाटीक आणि कातड्याचे आडते यांचे काय झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पुढे नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली. त्यानंतर २०२० चा रमजान तर पुरता टाळेबंदीत गेला. सफीर घराबाहेर पडू शकला नाही, मशिदी बंद, दुकाने बंद. त्या वर्षी अनेक संस्थांनी पहिल्यांदा मोबाइलवरून पैसे मागितले आणि पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आले की आपल्याला देणाऱ्यांची साधी यादीसुद्धा आपल्याजवळ नाही. यादी असते ती सफीराच्या डोक्यात. सफीराने संस्था बदलली की देणगीदारही त्याच्याबरोबर जातात. कापडाच्या धंद्यात ज्याने आपली उधारीची वही एजंटाच्या घरी ठेवली, त्याची जी गत होईल तीच या संस्थांची झाली.

अशा वेळी सल्लागार येतो आणि तो नवे शब्द घेऊन येतो. समन्याय, समावेशकता, समाजकेंद्री निधी संकलन. शब्द जड आहेत, पण त्यांमागे एक खरी गोष्ट आहे, म्हणून ती थोडी उलगडून सांगतो.

अमेरिकेत धर्मादाय संस्थांचे क्षेत्र फार मोठे आहे आणि पैसा उभा करणे हा तेथे स्वतंत्र पेशा आहे. त्या पेशाची जुनी शिकवण अशी की देणगीदाराला केंद्रस्थानी ठेवा. त्याला पत्र लिहा की तुमच्यामुळे हे मूल वाचले, तुमच्यामुळे ही शाळा उभी राहिली. त्याचे नाव भिंतीवर लावा, त्याला मेजवानीत पुढच्या रांगेत बसवा. या पद्धतीविरुद्ध सिएटल शहरातील काही कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. त्यांत व्ह्यू ले हे व्हिएतनामी वंशाचे गृहस्थ पुढे होते, आणि २०२० मध्ये या चळवळीने उघडपणे आकार घेतला. त्यांचे म्हणणे असे की, देणगीदार हा उपकारकर्ता नव्हे, कामातला भागीदार आहे. ज्यांच्यासाठी काम चालते ती माणसे केवळ फोटो काढण्यापुरती नाहीत, त्यांनाही निर्णयात वाटा हवा. एका संस्थेचे भले होण्यापेक्षा साऱ्या वस्तीचे भले होणे मोठे, म्हणून संस्थांनी एकमेकींचे देणगीदार पळवू नयेत, उलट एकमेकींना मदत करावी. आणि जो वेळ देतो त्याची किंमत पैसा देणाऱ्याइतकीच धरावी. त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय इसमाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. त्यानंतर तेथील संस्थांनी आणि कंपन्यांनी समता शिकवणारे सल्लागार मोठ्या प्रमाणावर नेमले. २०२५ मध्ये तेथील सरकारने या धोरणांविरुद्ध पाऊल उचलले, तेव्हा बऱ्याच जणांनी हात आखडता घेतला. यावरून तेथेही कोणी मनापासून केले आणि कोणी वाऱ्याबरोबर केले, हे दिसून आले.

ही माहिती वाचल्यावर आपल्याकडच्या माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. ३० मे १८६६ रोजी देवबंदच्या छत्ता मशिदीत जो मदरसा सुरू झाला, त्याच्यासाठी हाजी आबिद हुसेन यांनी रुमाल पसरून घरोघरी चंदा मागितला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नवाबांच्या आणि जहागीरदारांच्या वजिफ्यावर चालणाऱ्या जुन्या शाळांचे दिवस संपले होते. मौलाना कासिम नानौतवी यांनी या मदरशासाठी आठ नियम लिहून ठेवले. त्यांत सरकारचा आणि श्रीमंतांचा शिरकाव नुकसानकारक मानला आहे, आणि ज्यांना देणगीतून नाव कमावण्याची आशा नाही अशा लोकांचा चंदा अधिक बरकतीचा म्हटला आहे. सल्लामसलत करणाऱ्यांनी आपल्याच मतावर अडून बसू नये, असेही त्यांत आहे. आज ज्याला समाजकेंद्री निधी संकलन म्हणतात त्याचा मसुदा दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच घरात लिहिला गेला होता.

त्यातील एक नियम मात्र धंदा करणाऱ्याला पचायला जड जातो. मदरशाला जोवर उत्पन्नाचे निश्चित साधन नाही तोवर तो चालेल, आणि जहागीर, कारखाना, व्यापार यांसारखे पक्के साधन मिळाले की अल्लाहवरचा भरवसा ढळेल आणि कामकऱ्यांत तंटे सुरू होतील, असा त्याचा आशय आहे. तंटे होतात हे खरे. गाळ्यांच्या भाड्यावरून फुटलेल्या कमिट्या आपण पाहिल्या आहेत. परंतु शिक्षकाचा पगार चार-चार महिने थकणे हाही काही तवक्कुल नव्हे. पगार वेळेवर मिळत नाही म्हणून जो हाफिज शिलाई मशीन घेऊन बसतो, त्याच्या नाराजीचा हिशेब कोण देणार? म्हणून माझ्या मते दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकी शिल्लक संस्थेजवळ असलीच पाहिजे. त्याहून जास्तीची हाव नको.

आपल्या महाराष्ट्रातही हाच कित्ता आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांचा मुष्टिफंड सर्वांना माहीत आहे. घरातील बाईने रोजच्या स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला टाकायचे आणि ते मुलांच्या जेवणासाठी गोळा व्हायचे. मुठीने दाणा देणाऱ्या त्या बाईला वसतिगृह आपले वाटे, कारण रोज तिचा हात त्याला लागे. एका धनिकाने साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी रक्कम देऊ केली आणि भाऊरावांनी ती नाकारली, असेही सांगितले जाते. आपल्यापैकी किती संस्था असे नाकारू शकतील?

फार दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या शेजारी शेगावला श्री गजानन महाराज संस्थान आहे. अकीदा वेगळा असला तरी कारभार पाहण्यासारखा आहे. तेथे हजारो सेवेकरी एक पैसा न घेता काम करतात आणि सेवेची पाळी येण्यासाठी लोक वाट पाहतात. संस्थानचे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ मध्ये वारले. ते संस्थानचा चहासुद्धा घेत नसत असे या भागात सारेच सांगतात. जो पैसा देऊ शकत नाही तो वेळ देतो आणि त्याचा मान देणगीदारापेक्षा कमी नसतो. सिएटलच्या मंडळींनी जे कलम लिहून काढले, ते आपल्याच जिल्ह्यात रोज चालू आहे. आमच्या मोहल्ल्यातला सुतार म्हणतो, “मी शाळेची बाके दुरुस्त करून देतो, पण पावतीवर माझे नाव कुठे?” त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याची दोन दिवसांची मजुरी हीसुद्धा देणगीच आहे आणि ती जमाखर्चात लिहिली पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तो म्हणजे टक्केवारी.

मागे आमच्या भागातील एका शैक्षणिक संस्थेने अशाच एका सल्लागाराला बोलावले होते. व्यापारी म्हणून आम्हा चार-पाच जणांनाही निरोप होता. गृहस्थ हुशार होते, बोलणे गोड होते. भिंतीवर चित्रे दाखवून त्यांनी समावेशकतेवर तासभर सांगितले. शेवटी मेहनतान्याचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले की मला वेगळी फी नको, जी रक्कम जमेल तिच्यातून शेकडा काही ठरवून द्या. जमले नाही तर देऊ नका. कमिटीला हे फार सोयीचे वाटले. खिशातून काही जात नाही! पण मागच्या बाकावर बसलेल्या एका वयस्कर टेलर मास्टरांनी विचारले, “साहेब, ज्यांच्यासाठी हा पैसा जमवायचा त्यांच्यापैकी कोणी या खोलीत आहे काय?” कोणीही नव्हते. शाळेत शिकणाऱ्या मुलांपैकी एकाही मजुराच्या मुलाचा बाप तेथे नव्हता, आणि बाई तर एकही नव्हती.

टक्केवारीचा सौदा दिसायला स्वस्त असतो, पण तो महाग पडतो. समजा, एका दुकानदाराने एक लाखाच्या मालावर २,५०० रुपये जकात काढली. शेकडा तीस सल्लागाराला गेले, तर ७५० रुपये मुस्तहिकापर्यंत पोचलेच नाहीत. देणाऱ्याला वाटते की आपली जकात पूर्ण अदा झाली. घेणाऱ्याला ठाऊकच नसते की त्याचा हक्क वाटेत कापला गेला. कापसाच्या बाजारात कडता कापला की शेतकरी ओरडतो, कारण काटा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. येथे काटाच दिसत नाही. शिवाय टक्केवारीवर काम करणारा माणूस मोठ्या घरांकडेच धावणार. पन्नास रुपये देणाऱ्या रिक्षावाल्याकडे जाण्यात त्याचा वेळ फुकट जातो. म्हणजे ज्या सल्लागाराने तासभर समावेशकतेवर भाषण दिले, त्याच्या मेहनतान्याची पद्धतच गरीब देणाऱ्याला बाहेर ठेवणारी असते.

सल्लागारांना दोष देऊन आपण सुटू शकत नाही. चंद्यावर कमिशन ही आपल्याकडची जुनी खोड आहे. कित्येक सफीर पगारावर नव्हे तर जमलेल्या रकमेच्या हिश्शावर फिरतात. अनेक मुफ्तींनी हे नाजायज ठरवले आहे. एक कारण असे देतात की मजुरी किती हे करार करताना ठरलेलेच नसते. दुसरे असे की ज्या कामातून जे निर्माण होते त्याच्यातूनच मजुरी देणे, जसे गिरणीवाल्याला त्याने दळलेल्या पिठातूनच दळणावळ देणे, हे हनफी फिकहमध्ये दुरुस्त मानलेले नाही. काही लोक सूरह तौबाच्या ६० व्या आयतीचा आधार देतात, कारण जकातीच्या आठ हक्कदारांत ती वसूल करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. पण ते वसुली करणारे हुकूमतीने नेमलेले होते, कमिटीने हिश्शावर सोडलेले नव्हते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात एक वसुली करणारे परत आले आणि म्हणाले की हे तुमचे, आणि हे मला भेट मिळाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून नापसंती दर्शवली आणि आशय असा मांडला की हा आपल्या आई-बापाच्या घरी बसून राहिला असता, तर त्याला भेट मिळाली असती काय? वाचकांनी आपल्या भागातील आलिमांना विचारून खात्री करून घ्यावी. मी मसला सांगणारा नाही, वार मोजणारा माणूस आहे.

गंमत अशी की अमेरिकेत निधी उभारणाऱ्या पेशेवरांची जी मोठी संघटना आहे, असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स, तिच्या आचारसंहितेतसुद्धा जमलेल्या रकमेच्या टक्केवारीवर मेहनताना घेण्यास मनाई आहे. म्हणजे जो सल्लागार तेथले शब्द आणतो, त्याने तेथला नियमही आणावयास हवा होता. तो नियम मात्र विमानतळावरच राहून जातो असे दिसते.

टेलर मास्टरांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण समन्याय म्हणजे नेमके काय ते त्या एका प्रश्नात आहे. आपल्या कमिट्यांत कोण बसतो? बहुधा जमीनदार घराण्यातले, मोठे दुकानदार, आणि एखादे सेवानिवृत्त मास्तर. मोमीन, मन्सुरी, बागवान, खाटीक, फकीर या कामकरी बिरादऱ्यांची मुले संस्थेत शिकतात, पण त्यांचे बाप सभेत चटया टाकायला असतात. इस्लाममध्ये जात नाही हे आपण व्यासपीठावरून सांगतो. परंतु जालन्याचे शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार यांच्यासारख्या नामवंताने तिला पाठिंबा दिला, आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुस्लिम मागास बिरादऱ्यांना सवलती लागू केल्या. जात नसती तर या सगळ्याची गरजच काय होती? ज्यांना शासनाने ओळखले त्यांना कमिटीने अजून ओळखलेले नाही.

बायकांची गोष्टही तशीच. आपल्या मोहल्ल्यांत वर्षानुवर्षे बायका भिशी चालवतात. कोणाचा नंबर कधी, कोणाचे किती बाकी, कोणाच्या घरी आजारपण आले म्हणून कोणाने आपला नंबर तिला दिला, हे सारे तोंडपाठ. एक रुपयाची चूक होत नाही. त्यांच्यापैकी दोघी जरी संस्थेच्या हिशेबावर बसल्या, तरी अर्धे तंटे मिटतील. शिवाय कोणत्या घरात चूल पेटली नाही, हे पुरुषांना कळत नाही, बायकांना कळते. सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजूंचा उल्लेख आहे जे स्वाभिमानामुळे मागत नाहीत आणि अजाण माणसाला सुखवस्तू वाटतात. अशांपर्यंत पोचायला लॅपटॉप उपयोगाचा नाही, शेजारीण लागते.

फोटोंबद्दल तर काय लिहावे! एक किट, त्यात पाच किलो आटा आणि एक तेलाची पिशवी. ते धरायला सात हात आणि मध्ये मान खाली घातलेली एक विधवा. दुसऱ्या दिवशी तो फोटो सर्वांच्या मोबाइलवर. त्याच सूरहच्या २६४ व्या आयतीत उपकार बोलून दाखवून आणि दुःख देऊन आपले दान वाया घालवू नका, असा हुकूम आहे. काही सल्लागार आता सांगतात की घेणाऱ्याच्या परवानगीशिवाय फोटो घेऊ नये, चेहरा दाखवू नये. सांगतात ते बरोबर आहे. हे बाहेरच्या माणसाने येऊन सांगावे लागले, एवढेच वाईट वाटते. आणि परवानगी तरी कसली? हातात आटा देताना विचारले, तर कोण नाही म्हणेल?

आता समावेशकतेची एक बाजू अशी आहे की तिचा थेट पैशांशी संबंध आहे, आणि तिची माहिती आपल्या फार थोड्या संस्थांना आहे. देणगीदाराला आयकरात जी सूट मिळते, जिला लोक ८०-जी म्हणून ओळखतात, ती १९६१ च्या आयकर कायद्यात सर्वच संस्थांना नव्हती. संस्थेच्या घटनेत ती विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी आहे असे लिहिले असेल, तर तिला ही सवलत मिळत नसे. परंतु मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी असलेली संस्था धर्मसमुदायाची किंवा जातीची मानली जात नसे. आमच्या वडीलधाऱ्यांनी संस्था काढताना घटनेत सहज लिहून टाकले की ही संस्था मुस्लिमांच्या तालिमीसाठी आहे. वर्गात प्रत्यक्षात बौद्ध मुलगाही बसतो, तडवी मुलगीही बसते, पण कागदावर तसे नाही. त्या एका ओळीपायी देणगीदाराची सूट जाते. तसेच २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे जे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात, ते मिळवण्यासाठीही संस्थेजवळ १२-ए आणि ८०-जीची नोंदणी, मागील तीन वर्षांचे काम आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज लागतो. हे कागद नसतील तर कितीही गोड भाषा वापरली तरी कंपनीचा पैसा येणार नाही. २०२५ मध्ये नवा आयकर कायदा संमत झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून आज काय लागू आहे ते चांगल्या सीएकडून तपासून घ्यावे. मदरशाचे दीनी काम आणि शाळा-दवाखान्याचे काम यांच्यासाठी दोन वेगळ्या संस्था व दोन वेगळी खाती ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

मोठ्या देणगीदारांनी हेही लक्षात ठेवावे की रोखीने दिलेल्या दोन हजारांवरील देणगीला २०१७ पासून सूट नाही. २०२१-२२ पासून तर संस्थेलाच देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरावी लागते. म्हणजे ती यादी सफीराच्या डोक्यात ठेवून आता चालणारच नाही.

येथे खरा सल्ला कामी येतो, आणि तो विकत घ्यायला लाजू नये. वकिलाची फी देतो, कटिंग मास्टरला पगार देतो, मग संस्थेचा कारभार सुधारणाऱ्याला मेहनताना का देऊ नये? मुंबईत सेंटर फॉर अॅडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी ही संस्था १९८६ पासून संस्थांना कायदा, हिशेब आणि कारभार यांबाबत मार्गदर्शन करीत आली आहे. दसरा ही संस्था १९९९ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि मोठे देणगीदार व संस्था यांच्यामधले काम करते. अशा ठिकाणी जाणकार माणसे असतात. छोट्या गावाला मात्र त्यांच्यापेक्षा तालुक्याचा एक प्रामाणिक सीए, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील कामे जाणणारा एक माणूस आणि संगणकावर रोजमेळ लिहिणारा मोहल्ल्यातील एक मुलगा किंवा मुलगी, एवढे पुरते. फी आधी ठरवावी, कामाप्रमाणे ठरवावी, लेखी ठरवावी. आणि ती जकातीच्या पैशातून देऊ नये. जकात मुस्तहिकाच्या मालकीत गेली पाहिजे, असे आपले आलिम सांगतात. सल्लागाराची फी इमदाद किंवा सभासद वर्गणीतून द्यावी.

काही कमिटीवाले म्हणतात की हिशेब उघडा केला तर मोठे देणगीदार नाराज होतील, गावात चर्चा होईल, बाहेरचे लोक बोट दाखवतील. मला हे पटत नाही. चर्चा आजही होते, फक्त मशिदीच्या पायऱ्यांवर होते आणि अर्धवट माहितीवर होते. कर्जात बुडालेला व्यापारी वही लपवतो आणि सरळ धंदा करणारा वही दाखवतो, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र एक अडचण खरी आहे. घेणाऱ्यांची नावे हिशेबात उघडी करता येत नाहीत, कारण त्यांची इज्जत आहे. देणाऱ्यालाही कधी नाव नको असते. म्हणून रकमा उघड्या आणि नावे बंद ठेवावीत. किती जमले, किती घरांना गेले, किती पगारावर, किती प्रवासावर, किती शिल्लक. नावांची वही तिघांजवळ असावी आणि त्या तिघांत एक बाई व एक कामकरी बिरादरीचा माणूस असावा.

वर ज्या संस्थेचा उल्लेख केला, तिने त्या सल्लागाराला नम्रपणे नकार दिला, पण त्यांच्या बोलण्यातील चांगले ते ठेवून घेतले. घटनेतील ती ओळ दुरुस्त करण्यासाठी अर्ज तयार होत आहे. कमिटीवर टेलर मास्टरांना घेतले आहे. भिशी चालवणाऱ्या एका खालांना हिशेब तपासायला बोलावले, तर पहिल्याच बैठकीत त्यांनी प्रवासखर्चाच्या दोन पावत्या बाजूला काढून ठेवल्या. सफीरांना हिश्शाऐवजी महिन्याचा पगार सुरू केला, त्यामुळे एक जण सोडून गेला आणि त्याच्याबरोबर अकोल्याकडचे काही देणगीदारही गेले. जमाखर्चाचा तक्ता मशिदीच्या फलकावर उर्दू आणि मराठी दोन्हींत लावायचे ठरले आहे. पुढील पावतीपुस्तक छापायला जाईल तेव्हा पावतीच्या मागे मागील वर्षाचा खर्च छापायचा किंवा नाही, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. छापखान्याचा खर्च वाढतो, असे खजिनदारांचे म्हणणे आहे. मास्टर म्हणतात, कागद पातळ वापरा.